वाढत्या टाचेवरचा भार कोण मोजणार?

शालेय स्पर्धांच्या दिवसांत तालुक्याच्या कुठल्याही मैदानाच्या कडेला अर्धा तास उभे राहिले, तर एखादे तरी मूल चवड्यांवर चालताना दिसते. सामना संपल्यावर पाण्याच्या टाकीकडे जाताना ते टाच जमिनीला लागू देत नाही. शिट्टी वाजली की मात्र पुन्हा इतरांसारखे धावू लागते, आणि धावते आहे त्या अर्थी फारसे दुखत नसणार, असे आपण मोठी माणसे ठरवून टाकतो. एका माध्यमिक शाळेत मी सव्वीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले आणि त्यातली निदान पहिली पंधरा वर्षे मीही हेच ठरवत आलो. आमच्या खो-खो संघात सातवीतली एक मुलगी होती. संरक्षणात तिच्याइतका वेळ कुणी टिकत नसे. जिल्हा स्पर्धेच्या आधी तीन आठवडे ती टाचा दुखतात म्हणून सांगत होती. सराव टाळण्यासाठी केलेली ही सबब आहे असे समजून मी तिला एकदा मैदानाच्या दोन फेऱ्या जास्तीच्या मारायला लावल्या. ती जिल्ह्याला खेळली, चांगली खेळली, आणि त्यानंतर वडिलांनी तिचे नाव संघातून काढून घेतले ते कायमचेच. तिला जे झाले होते ते दोन-तीन महिने भार कमी केला असता तर बरे होणारे होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. या लेखामागे त्या दोन फेऱ्या आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

आधी दुखणे समजून घेऊ. टाचेचे हाड लहानपणी एकसंध नसते. त्याच्या मागच्या टोकाला, जिथे पोटरीच्या स्नायूंची जाड कंडरा येऊन चिकटते, तिथे साधारण सातव्या-आठव्या वर्षी, मुलींमध्ये त्याच्याही थोडे आधी, हाडाचा एक स्वतंत्र तुकडा तयार होऊ लागतो. हा तुकडा आणि मूळ हाड यांच्या मध्ये वाढीच्या कूर्चेचा, म्हणजे अजून हाड न झालेल्या मऊ भागाचा, पट्टा असतो. पंधराव्या वर्षाच्या आसपास, आणि मुलींमध्ये त्याआधीच, त्या पट्ट्याचे हाड होते आणि टाच प्रौढ माणसाची होते. तोपर्यंतची सात-आठ वर्षे मात्र टाचेतला सर्वांत नाजूक भाग नेमका सर्वांत जास्त ताणाच्या जागी असतो. धावताना आणि उडी मारताना वरून पोटरीची कंडरा त्याला ओढते, खालून तळव्याचा चिवट पडदा ओढतो, आणि पाऊल टेकले की जमिनीचा धक्का बसतो. उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात हाडे आधी लांबतात व पोटरीचे स्नायू मागे राहून आखडतात, त्यामुळे ओढ आणखी वाढते, असे मानले जाते. हे सारे सहन होते, कारण शरीर रोजची झीज रोज भरून काढत असते. झीज भरून निघण्याच्या वेगापेक्षा भार जास्त झाला, की टाच दुखू लागते.

बोस्टनचे अस्थिरोगतज्ज्ञ जेम्स वॉरेन सेव्हर यांनी १९१२ मध्ये या दुखण्याचे वर्णन केले, म्हणून वैद्यकात त्याला सेव्हरचा आजार म्हणतात. ‘आजार’ हा शब्द इथे दिशाभूल करणारा आहे. यात जंतू नसतो, हाड सडत नाही आणि कायमचे व्यंगही राहत नाही. कूर्चेचा पट्टा हाडात मिसळला की हे दुखणे पुन्हा होऊच शकत नाही. गुडघ्याच्या खाली नडगीच्या टोकावर येणारे आणि ऑसगुड व श्लाटर या दोन डॉक्टरांनी १९०३ मध्ये वेगवेगळे वर्णिलेले दुखणे याचेच भावंड आहे. ते सहसा थोड्या मोठ्या वयात येते, आणि त्याचेही कारण हेच, वाढत्या हाडावर स्नायूची ओढ.

ओळखायला हे दुखणे अवघड नाही. मूल आठ ते चौदा वर्षांचे असते, खेळणारे असते. टाचेच्या मागे किंवा खाली, बऱ्याचदा दोन्ही पायांना, खेळताना आणि खेळून झाल्यावर दुखते व विश्रांतीने कमी होते. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांमध्ये धरून दाबली की मूल कळवळते. तपासणारा जाणता असेल तर एवढ्यावर निदान होते, आणि क्ष-किरण चित्राची गरज बहुतेक वेळा पडत नाही. उलट त्या चित्राने घोटाळाच जास्त होतो. या वयात टाचेच्या मागचा तो तुकडा निरोगी मुलातही पांढरा, दाट आणि कधी दोन-तीन भागांत फुटल्यासारखा दिसतो. ते पाहून हाड मोडल्याची शंका घेतली जाते आणि जिथे चार आठवडे खेळ कमी करणे पुरले असते तिथे पाय प्लास्टरमध्ये जातो. चालतानासुद्धा फार दुखणाऱ्या एखाद्या मुलाला थोडे दिवस पाय स्थिर ठेवावा लागतो, हे खरे. पण तो अपवाद आहे.

घरोघरी काय होते तेही पाहिले पाहिजे. पहिला तर्क कॅल्शियमचा असतो, आणि औषधाच्या दुकानातून सिरपची बाटली येते. दुसरा तर्क हाडे वाढतात म्हणून दुखते, आपोआप थांबेल असा असतो, आणि तो अर्धा खरा असल्यामुळेच जास्त घातक ठरतो. आपोआप थांबेल हे बरोबर आहे, पण तोवर मुलाने रोज तेवढेच पळत राहावे असा त्याचा अर्थ होत नाही. आजी असेल तर वीट तापवते, तिच्यावर रुईचे पान ठेवते आणि नातवाला त्यावर टाच टेकवायला लावते. हा शेक मोठ्यांच्या टाचदुखीसाठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि त्यामागची माया मी जाणतो. पण मुलांच्या या दुखण्यात खेळून आल्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावल्याने अधिक आराम पडतो, आणि मुलाच्या पायाखाली तापलेली वीट ठेवण्यात भाजण्याचा धोका आहेच. मैदानावर आम्ही शिक्षक आणखी एक गोष्ट करतो, ती म्हणजे वेदनाशामक स्प्रे मारून मुलाला पुन्हा आत पाठवणे. पुढच्या अर्ध्या तासात त्या टाचेवर किती भार येतो आहे हे सांगणारा एकमेव संकेत आपण त्या फवाऱ्याने बंद करून टाकतो.

उपचार साधे आहेत, आणि ते साधे आहेत हेच लोकांना पटत नाही. ज्या खेळाने दुखते तो कमी करायचा, पोटरीचे ताण हळूहळू द्यायचे, आणि दोन्ही बुटांत टाचेखाली एक सेंटिमीटरच्या आसपास जाडीची मऊ पण दबून न जाणारी गादी घालायची, म्हणजे टाच थोडी उचलली जाते आणि कंडरेची ओढ सैल पडते. नेदरलँड्समध्ये या दुखण्याच्या १०१ मुलांवर केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही मुलांना फक्त वाट पाहायला सांगितले होते, काहींना टाच उचलणारी गादी दिली होती आणि काहींना फिजिओथेरपीचे व्यायाम. तीन महिन्यांनी तिन्ही गटांतली मुले सुधारली होती आणि त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. महागडे इन्सोल, यंत्रांचे शेक आणि इंजेक्शने विकणाऱ्यांना हा निष्कर्ष गैरसोयीचा आहे. वाढीच्या कूर्चेजवळ स्टेरॉइडचे इंजेक्शन तर कुणी सुचवले तरी पालकांनी घेऊ देऊ नये.

एक इशारा मात्र इथेच द्यायला हवा, कारण प्रत्येक टाचदुखी ही हीच टाचदुखी नसते. मूल रात्री वेदनेने जागे होत असेल, ताप असेल, टाच सुजून लाल किंवा गरम झाली असेल, वजन घटत असेल, सकाळी उठल्यावर बराच वेळ पाय आखडलेला राहत असेल, उंचावरून पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल किंवा काही आठवडे खेळ पूर्ण थांबवूनही तसूभर फरक पडत नसेल, तर विलंब न लावता अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले पाहिजे. हाडातला जंतुसंसर्ग, आपल्याकडे अजूनही आढळणारा हाडांचा क्षय, संधिवात, अस्थिभंग आणि क्वचित हाडाची गाठ किंवा रक्ताचा कर्करोगही असाच सुरू होऊ शकतो. अशा वेळी क्ष-किरण चित्र आणि रक्ततपासणी हवीच.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या दुखण्याचे कारण भार आहे, उपाय भार कमी करणे हा आहे, आणि तरीही आपल्या व्यवस्थेत मुलावर एकूण भार किती पडतो हे मोजणारा एकही माणूस नाही. निवृत्तीच्या आदल्या वर्षी सहावीतला एक मुलगा टाचा धरून माझ्याकडे आला, तेव्हा मी त्याला त्याचा आठवडा वहीत लिहून आणायला सांगितले. सकाळी सहा ते साडेसात फुटबॉलची अकॅडमी, आठवड्यातून सहा दिवस. संध्याकाळी शाळेच्या कबड्डी संघाचा सव्वा तास सराव, पाच दिवस. शारीरिक शिक्षणाचे तीन तास, प्रत्येकी पस्तीस मिनिटांचे. रविवारी दोन तासांचा सामना. त्यात स्नेहसंमेलन जवळ आले म्हणून लेझीमची तालीम, चार दिवस अर्धा-अर्धा तास. बेरीज एकवीस तासांच्या आसपास गेली आणि मुलाचे वय होते अकरा. अकॅडमीच्या सरांना कबड्डी माहीत नव्हती, मला अकॅडमी माहीत नव्हती, लेझीम बसवणाऱ्या बाईंना दोन्ही माहीत नव्हते. आईवडिलांना सगळे माहीत होते, पण प्रत्येक सर आपापल्या विषयात जाणकार आहेत म्हणजे त्यांनी विचार केलेलाच असणार, असे त्यांनी धरून चालले होते. आम्ही कुणीच वाईट हेतूचे नव्हतो. प्रत्येकाचे दीड तास आपापल्या जागी वाजवी होते, आणि ते सगळे एकाच टाचेवर पडत होते.

अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, जी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, असे आढळले की वयाच्या वर्षांपेक्षा जास्त तास आठवड्याला संघटित खेळ खेळणाऱ्या मुलांना अतिवापराच्या गंभीर दुखापती होण्याची शक्यता अधिक असते. अकरा वर्षांच्या मुलाला अकरा तास, ही आकडेमोड कुणालाही करता येते. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिलेला सल्लाही असाच स्पष्ट आहे: आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी द्यावी, ज्या खेळावर मुख्य भर आहे त्यापासून वर्षातून एकूण तीन महिने, एकेका महिन्याच्या तुकड्यांत, विश्रांती द्यावी, आणि एकाच खेळाची निवड शक्यतो पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावी. टाचेच्या कूर्चेचा पट्टा भरण्याचे वय आणि हे वय जवळजवळ एकच आहे, हे मला फार बोलके वाटते.

आपल्याकडचे वेळापत्रक याच्या उलट चालते, आणि त्याला ऋतूंचीही जोड मिळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षांसाठी मुलाला घरात बसवले जाते आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याच मुलाला सकाळ-संध्याकाळ अशा दोन सत्रांच्या उन्हाळी शिबिरात घातले जाते. पोटरी आखडलेली, टाच विसावलेली, आणि भार एका आठवड्यात शून्यावरून शिखरावर. पावसाळा ओसरला की मुरमाची मैदाने सुकून दगडासारखी होतात, आणि शालेय स्पर्धांचा बहर नेमका त्याच सुमारास असतो. ज्या मुलाकडे फुटबॉलचे खिळ्यांचे बूट आहेत ते मूल तेच बूट त्या कडक जमिनीवर घालून खेळते, तेव्हा मऊ गवतासाठी बनवलेल्या त्या बुटांचे खिळे जमिनीत रुतत नाहीत आणि धक्का सरळ टाचेत जातो. ज्याच्याकडे काहीच नाही ते पातळ तळाच्या कॅनव्हास बुटांत किंवा अनवाणी खेळते. शहरात सोसायटीच्या आवारातले सिमेंट किंवा त्यावर अंथरलेले कृत्रिम गवत असते, आणि घरी आल्यावर फरशी. नृत्याच्या वर्गात जमिनीवर पाय आपटण्याच्या अडव्यांचा, म्हणजे भरतनाट्यमच्या मूळ पदन्यासांचा, तासभर सराव करणाऱ्या मुलीही यात आल्या. त्यांची टाच दुखली तर ‘खेळामुळे’ हा विचारसुद्धा कुणाच्या मनात येत नाही, कारण नाच हा खेळ म्हणून मोजलाच जात नाही.

यावर माझ्या पिढीतले लोक एक आक्षेप हमखास घेतात. आम्ही अनवाणी, दगडगोट्यांत, दिवसभर खेळलो, आम्हाला असले काही झाले नाही, असे ते म्हणतात. सेव्हर यांनी हे दुखणे अकॅडम्या निघण्याच्या कितीतरी आधी वर्णिले, तेव्हा जुन्या काळी ते नव्हतेच असे म्हणता येत नाही. पण या आक्षेपात एक खरी गोष्ट आहे आणि ती माझ्याच बाजूची आहे. आम्ही विटीदांडू खेळायचो, मग लगोरी, मग झाडाखाली गप्पा, मग नदीवर. पाय दुखला की बसायचो आणि दुसऱ्याला डाव द्यायचो. शिट्टी कुणाच्याच हातात नव्हती. मुले आपले आपण खेळतात तेव्हा थांबायचे कधी हे शरीर ठरवते, आणि खेळ प्रशिक्षकाच्या हाती गेला की ते घड्याळ ठरवते. थांबण्याचा जो अधिकार मुलाच्या शरीराकडून आपण काढून घेतला, त्याची जबाबदारीही मग आपल्यावरच येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो गरिबीतून येतो. दहावी-बारावीला खेळाडूंना २५ पर्यंत सवलतीचे गुण मिळतात, राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, निवासी क्रीडा प्रबोधिनीत प्रवेश मिळाला तर राहण्याखाण्याची आणि शिक्षणाची सोय होते. शेतमजुराच्या मुलासाठी ही लहान गोष्ट नाही. भारतीय क्रीडा प्राधिकरणाची प्रतिभाशोधाची योजनाच आठ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे ज्या वयात टाच नाजूक असते तेच निवडीचे वय. अशा घरातल्या बापाला मुलाला दोन महिने विश्रांती द्या असे सांगणे म्हणजे चाचणी सोडा असे सांगणे आहे. म्हणून विश्रांतीला पैसा लागत नसला, तरी गरीब मुलाला ती सर्वांत महाग पडते. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि त्यातून मी असा निष्कर्ष काढतो की उपदेश पालकांना करून भागणार नाही, निवडीचे नियम बदलले पाहिजेत.

लहान वयातच सर्वस्व ओतले नाही तर पुढे काही होत नाही, हा समज तर तपासूनच पाहावा. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, क्रॉसकंट्री शर्यतीत २०१५ च्या सुमारास उतरला, अडथळ्यांच्या लांब शर्यतीकडे (स्टीपलचेसकडे) त्यानंतर वळला, आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्य व २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. एका उदाहरणावरून नियम होत नाही, आणि जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळांची घडण वेगळी असते हेही खरे. तरी त्या खेळातही महिलांच्या वरिष्ठ आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी किमान वय १९९७ पासून १६ वर्षे केले गेले, ते कोवळ्या शरीरांवरच्या भाराची चिंता वाढल्यामुळेच. याच्या दुसऱ्या टोकाला आपल्याच देशात २००६ मध्ये एका चार वर्षांच्या मुलाला पुरी ते भुवनेश्वर ६५ किलोमीटर पळवले गेले आणि रस्त्याच्या दुतर्फा लोक टाळ्या वाजवत होते, हेही विसरू नये.

मर्यादा घालणे अशक्य आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी इतर देशांकडे पाहावे. अमेरिकेतल्या लिटल लीग बेसबॉलने २००७ पासून लहान खेळाडूने दिवसाला किती चेंडू फेकायचे याची वयानुसार मर्यादा ठरवली. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांसाठी वयानुसार षटकांची मर्यादा घातली. नॉर्वेत तर मुलांच्या खेळातल्या हक्कांची सनद आहे: अकरा वर्षांच्या आतल्या मुलांच्या स्पर्धांत क्रमवारी लावली जात नाही आणि तेरा वर्षांच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धा होत नाहीत. म्हणून नॉर्वे खेळात मागे पडला असे कुणी म्हणणार नाही. हिवाळी ऑलिंपिकच्या पदकतक्त्यात तो छोटा देश वर्षानुवर्षे सर्वांत वर किंवा त्याच्या आसपास आहे. खांदा, कंबर यांसाठी चेंडू आणि षटके मोजता येत असतील, तर टाचेसाठी तास मोजणे काही कठीण नाही.

एका गैरसमजाची भीती मला वाटते, म्हणून स्पष्ट करतो. मुलांनी कमी खेळावे असे माझे म्हणणे नाही. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल आवश्यक मानते, आणि आपली बहुसंख्य मुले मोबाइल व शिकवण्या यांत अडकून त्याच्या जवळपासही पोचत नाहीत, असे मी सव्वीस वर्षांत माझ्या डोळ्यांनी पाहिले. एका वर्गात दोन मुले आठवड्याला वीस तास धावतात आणि बाकीची अठ्ठावन्न वहीत तोंड घालून बसतात, ही आपल्या शालेय खेळाची खरी विकृती आहे. टाच दुखणाऱ्या मुलालाही मी घरी बसवू नका असेच सांगतो. पोहणे, सायकल, पोट-कंबरेचे व्यायाम, जागेवर उभे राहून नेम आणि झेल यांचा सराव, हे सारे त्याला करता येते. लंगडायला लावणारे दुखणे असेल तर धावणे-उड्या बंद. थोडेसे दुखून दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण थांबत असेल तर कमी वेळ खेळायला हरकत नाही. एवढा नियम बाराव्या वर्षाच्या मुलालाही समजतो आणि तो प्रामाणिकपणे पाळतो, खरे सांगितल्याबद्दल संघातली जागा जाणार नसेल तर.

मुलींच्या बाबतीत ही सावधगिरी दुप्पट हवी. मुलगा लंगडला तर घरचे त्याला डॉक्टरकडे नेतात आणि पुन्हा मैदानावर कधी जाईल असे विचारतात. मुलगी लंगडली तर बऱ्याच घरांत ‘पुरे झाला आता खेळ’ हे वाक्य तयारच असते, टाच हे फक्त निमित्त. आधीच वयात येण्याच्या सुमारास मुली मैदानावरून गळू लागतात, आणि त्यांच्या टाचा दुखण्याचे वय मुलांपेक्षा लवकर, त्याच्या जरासेच आधी येते. म्हणजे आम्ही शिक्षकांनी दुखणे ओळखले नाही, तर एका मुलीचे खेळणे तिथेच संपण्याची शक्यता मुलापेक्षा जास्त. माझ्या संघातल्या मुलीच्या वडिलांना मी त्यांच्या घरी जाऊन हे दुखणे काय आहे, किती दिवसांत जाईल आणि ती कधी परत येऊ शकेल हे सांगू शकलो असतो, तर त्यांनी ऐकले असते की नाही कोण जाणे. पण सांगण्यासारखे माझ्यापाशी तेव्हा काही नव्हतेच. बी.पी.एड. करताना मी स्नायूंची नावे पाठ केली होती. वाढीच्या कूर्चेचा पट्टा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो वयाच्या चाळिशीनंतर, एका फिजिओथेरपिस्टकडून.

म्हणून मागण्या नेमक्या आहेत. चौदा वर्षांखालील गटाच्या तालुका आणि जिल्हा स्पर्धांत एका संघाला एका दिवसात खेळावे लागणारे सामने मर्यादित करावेत. बाद पद्धतीत एकाच दिवशी सकाळपासून अंधार पडेपर्यंत तीन-तीन, चार-चार सामने खेळलेली मुले मी स्वतः बसमधून घरी आणली आहेत. निवड चाचणी एका सकाळी उरकू नये, आणि दुखापत असलेल्या मुलाला दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी देण्याची सोय नियमातच असावी, म्हणजे दुखणे लपवण्यात त्याचा फायदा उरणार नाही. शारीरिक शिक्षणाच्या पदव्यांमध्ये आणि प्रशिक्षकांच्या उजळणी वर्गांत वाढत्या हाडांचा विषय प्रत्यक्ष मुलांच्या पायांवर हात ठेवून शिकवावा. फी घेणाऱ्या खासगी अकॅडमीने प्रवेश देताना मूल दुसरीकडे कुठे आणि किती तास खेळते हे लेखी विचारावे, आणि बेरीज हाताबाहेर जात असेल तर आपले तास कमी करण्याची तयारी ठेवावी. शेवटची गोष्ट फीच्या गणिताला बाधक आहे याची मला कल्पना आहे. पण जो मुलाच्या शरीरावर भार टाकण्याचे पैसे घेतो, त्याने तो भार मोजण्याचे कर्तव्य नाकारू नये.

यातले काहीही होण्याची वाट न पाहता एक गोष्ट उद्यापासून करता येते, आणि ती आम्ही त्या सहावीतल्या मुलाच्या बाबतीत केली. त्याच्या वहीचे एक पान मी मोबाइलवर टिपून अकॅडमीच्या सरांना पाठवले आणि फोन केला. एकाच गावात दोन वर्षे आम्ही एकाच मुलाला शिकवत होतो आणि त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांशी बोललो. त्यांनी सहा दिवसांचे तीन केले, मी त्याला कबड्डीच्या चढाईऐवजी गुण लिहायला आणि वॉर्म-अप घ्यायला लावले, लेझीमच्या बाईंनी त्याला हलगीवर बसवले, आणि आईने चांभाराकडून दोन्ही बुटांत टाचेखाली रबराचा तुकडा बसवून घेतला. रोज सकाळी उठल्यावर वहीच्या शेवटच्या रकान्यात ‘टाच दुखते का’ एवढे त्याने लिहायचे होते. पहिल्या तीन आठवड्यांत जवळजवळ रोज ‘हो’ आहे. मग ‘थोडी’ येऊ लागते. सातव्या आठवड्यापासून पान ‘नाही’ने भरलेले आहे, आणि त्याच आठवड्याच्या शनिवारी, परवानगी न विचारता, त्याने वरच्या रकान्यात ‘कबड्डी – २० मिनिटे’ असे लिहून ठेवले आहे.